परसातील कोंबड्यांची पीसगळ आणि बाह्य परजीवी : निदान, नियंत्रण व धोरणात्मक अंगे

भारतीय ग्रामीण अर्थव्यवस्थेत परसातील कुक्कुटपालनाचे स्थान आकाराने लहान, परंतु परिणामाने मोठे आहे. भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांतील स्त्रियांच्या हाती रोख पैसा आणणारी जी मोजकी साधने असतात, त्यांत दहा-पंधरा कोंबड्यांचा समावेश होतो. मुलांच्या वह्या, किरकोळ औषधपाणी, आठवडी बाजाराचा खर्च यांसाठी अंडी विकून आलेला पैसा उपयोगी पडतो. २०१९ मधील विसाव्या पशुगणनेनुसार देशात ८५ कोटी १८ लाख कुक्कुट पक्षी होते. त्यांपैकी ३१ कोटी ७१ लाख पक्षी परसातील होते. २०१२ च्या तुलनेत परसातील पक्ष्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली, तर व्यापारी क्षेत्रातील वाढ सुमारे ४.५ टक्केच होती.

उत्पादनाचे चित्र मात्र वेगळे आहे. २०२२-२३ मध्ये देशात सुमारे १३,८३८ कोटी अंड्यांचे उत्पादन झाले. त्यांत परसातील पक्ष्यांचा वाटा सुमारे १४.६ टक्के होता. म्हणजे पक्ष्यांच्या संख्येत एक तृतीयांशाहून अधिक असलेल्या या क्षेत्राचा अंड्यांतील वाटा एक सप्तमांशाच्या आसपास राहतो. या तफावतीचा मोठा भाग स्वाभाविक आहे. देशी कोंबडीची अंडी देण्याची क्षमता मुळातच मर्यादित असते आणि परसातील पक्ष्यांच्या संख्येत कोंबडे, पिले व बदके यांचीही गणना होते. तथापि काही भाग टाळता येण्याजोग्या हानीचा आहे. कोल्हा, मुंगूस वा राणीखेत रोग यांनी होणारी हानी डोळ्यांत भरते. कोंबडीच्या अंगावर व खुराड्याच्या फटींत राहणाऱ्या परजीवींनी होणारी हानी हळूहळू होत असल्याने तिची नोंदच होत नाही. 'पिसे झडणे' हे या हानीचे सर्वांत ठळक बाह्य लक्षण होय. मात्र प्रत्येक पीसगळ परजीवींमुळे होत नाही, आणि परजीवींचा प्रत्येक प्रादुर्भाव पीसगळीने प्रकट होत नाही. या दोन विधानांतील फरक समजून घेणे हाच प्रस्तुत विषयाचा गाभा आहे.

पीसगळ : रोग नव्हे, लक्षण

पिसाचा ८५ ते ९० टक्के भाग केरॅटिन या प्रथिनाचा असतो. या प्रथिनाच्या घडणीसाठी मिथिओनिन व सिस्टिन ही गंधकयुक्त अमिनो आम्ले आवश्यक असतात. शरीराचे तापमान राखणे, त्वचेचे रक्षण करणे व पावसापासून बचाव करणे ही पिसांची कार्ये आहेत. पिसे विरळ झालेली कोंबडी शरीराची ऊब टिकविण्यासाठी अधिक खाद्य खर्च करते आणि अंड्यांसाठी तिच्याकडे कमी पोषण उरते. पिसे कोणत्या कारणाने गेली हे ठरविल्याशिवाय उपाय योजल्यास औषधाचा खर्च वाया जातो आणि मूळ कारण तसेच राहते.

पीसगळीची कारणे स्थूलमानाने पाच गटांत विभागता येतात.

पहिले कारण नैसर्गिक पीसपालट हे होय. प्रौढ कोंबडी साधारणतः वर्षातून एकदा जुनी पिसे टाकून नवी धारण करते. दिवसाचा प्रकाशकाल घटू लागला की, म्हणजे आपल्याकडे पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्यापर्यंत, ही क्रिया प्रामुख्याने दिसते. गळती डोके व मान यांपासून सुरू होऊन छाती, पाठ, पंख व शेपटी या क्रमाने पुढे जाते. या काळात अंडी कमी होतात किंवा थांबतात. त्वचा स्वच्छ असते व तीतून नव्या पिसांचे टोकदार कोंब वर येताना दिसतात. दोन-तीन महिन्यांत कोंबडी पूर्ववत होते. येथे औषधाची नव्हे, प्रथिनयुक्त खाद्याची गरज असते.

दुसरे कारण कोंबड्याच्या वावराशी संबंधित आहे. समागमाच्या वेळी कोंबडा मादीच्या पाठीवर चढतो आणि मानेची पिसे चोचीत धरतो. कळपात कोंबडे अधिक असल्यास माद्यांच्या पाठीवरील व मानेवरील पिसे तुटतात. आठ ते दहा माद्यांमागे एक कोंबडा हे प्रमाण पुरेसे मानले जाते.

तिसरे कारण परस्परांची पिसे टोचण्याची सवय हे होय. दाटी, उपासमार, प्रथिनांची व मिठाची उणीव, तसेच दिवसभर कोंडून ठेवणे यांमुळे ही सवय जडते. तुटलेल्या पिसांचे खुंट आणि शेपटीच्या मुळाशी झालेल्या जखमा ही तिची खूण होय.

चौथे कारण खुडूकपणा हे होय. अंडी उबविण्यास बसलेली कोंबडी आपल्या छातीवरील पिसे स्वतः उपटते, जेणेकरून त्वचेची ऊब अंड्यांना थेट मिळावी. ही पिसे पुढे आपोआप येतात.

पाचवे कारण बाह्य परजीवी हे होय आणि पुढील विवेचन मुख्यतः त्यांविषयी आहे.

याशिवाय एक अपवाद लक्षात ठेवावा. उघड्या मानेची म्हणून ओळखली जाणारी कोंबडी जन्मतःच मानेवर पिसे नसलेली असते. हा आनुवंशिक गुण असून उष्ण हवामानात शरीराची उष्णता बाहेर टाकण्यास तो साहाय्यभूत ठरतो. तो विकार समजू नये.

बाह्य परजीवींचे प्रकार

ग्रामीण भागात अंगावरील सर्व किड्यांना अनेकदा सरसकट 'उवा' किंवा 'पिसवा' म्हटले जाते. शास्त्रीय दृष्ट्या मात्र त्यांत मूलभूत भेद आहेत. उवा व पिसवा हे सहा पायांचे कीटक आहेत. माइट व गोचीड हे प्रौढावस्थेत आठ पाय असलेले, कोळ्याच्या वर्गातील प्राणी आहेत. हा भेद केवळ वर्गीकरणापुरता नाही; कोणता परजीवी कोठे राहतो यावर नियंत्रणाची संपूर्ण रीत अवलंबून असते.

लाल माइट (डर्मानिसस गॅलिनी) : हा परजीवी दिवसा कोंबडीवर राहत नाही. खुराड्याच्या फटी, बांबूच्या गाठी, बसण्याच्या दांड्यांची खालची बाजू व अंडी घालण्याच्या टोपल्या यांत तो लपतो. रात्री बाहेर येऊन कोंबडीचे रक्त शोषतो आणि पुन्हा फटीत जातो. त्याची लांबी सुमारे एक मिलिमीटर असते. उपाशी असताना तो करडा व रक्त प्यायल्यावर लाल दिसतो. अंडे, अळी, दोन अर्भकावस्था व प्रौढ अशा त्याच्या अवस्था असून उबदार हवेत हे चक्र सात ते दहा दिवसांत पूर्ण होऊ शकते. अनुकूल स्थितीत तो काही महिने अन्नावाचून जिवंत राहतो. म्हणूनच कोंबड्या विकून खुराडे महिनाभर मोकळे ठेवल्याने त्याचा नायनाट होत नाही आणि नव्याने आणलेली पिले पुन्हा त्याला बळी पडतात.

उष्ण प्रदेशीय कुक्कुट माइट (ऑर्निथोनिसस बर्सा) व त्याची समशीतोष्ण प्रदेशातील भावंड जात (ऑर्निथोनिसस सिल्व्हिएरम) : यांचे जीवनचक्र मुख्यतः पक्ष्याच्या अंगावरच पूर्ण होते. गुदद्वाराभोवतालच्या पिसांत ते दाटीने राहतात. त्यांची विष्ठा व अंडी यांमुळे तेथील पिसे काळपट, चिकट दिसतात आणि त्वचेवर खपल्या धरतात. दिवसाच्या तपासणीतही ते आढळतात.

खवलेपाय माइट (निमिडोकॉप्टिस म्युटन्स) : हा पायांच्या खवल्यांखाली बिळे करतो. खवले वर उचलले जातात, पाय जाड व चुनकट दिसतात, पुढे कोंबडी लंगडते. याच वंशातील दुसरी जात पिसांच्या मुळाशी शिरते. तिच्यामुळे होणाऱ्या तीव्र खाजेने कोंबडी स्वतःची पिसे उपटते आणि पाठ, डोके व मान यांवर पीसविरहित चट्टे पडतात.

उवा : कोंबडीवरील उवा चावणाऱ्या गटातील असून पिसे व त्वचेच्या खपल्या यांवर जगतात. अंगावरील ऊ (मेनॅकँथस स्ट्रॅमिनियस) अधिक उपद्रवी असते. कोवळ्या पिसांचे मूळ चावून ती रक्तही मिळविते. पिसांच्या बुडाशी चिकटलेले लिखांचे पांढरे पुंजके ही तिची खूण होय. उवांचे जीवन पूर्णपणे पक्ष्यावर अवलंबून असते आणि पक्ष्यापासून दूर त्या थोड्याच दिवसांत मरतात.

कोंबडीची गोचीड (अर्गास पर्सिकस) : ही मऊ शरीराची गोचीड लाल माइटप्रमाणेच फटींत लपते व रात्री रक्त शोषते. रक्तशोषणाखेरीज बोरेलिया अन्सेरिना या जिवाणूमुळे होणाऱ्या स्पायरोकिटोसिस या घातक ज्वराचा प्रसार ती करते. त्यामुळे भारतासारख्या उष्ण देशात तिचे महत्त्व विशेष आहे.

निदानाची साधी रीत

प्रयोगशाळेवाचूनही बहुतेक निदान घरी करता येते. त्यासाठी एक दिवसाची व एक रात्रीची, अशा दोन तपासण्या आवश्यक आहेत.

दिवसा कोंबडी हातात धरून गुदद्वाराभोवतालची, पंखांखालची व मानेवरील पिसे उलट दिशेने फुंकर मारून वेगळी करावीत. पळणारे पिवळसर कीटक व लिखा दिसल्यास उवा. काळपट चिकट पिसे व बारीक हलणारे ठिपके दिसल्यास अंगावर राहणारे माइट समजावेत. पाय स्वतंत्रपणे पाहावेत. नवे कोंब दिसत असून त्वचा स्वच्छ असल्यास तो पीसपालट होय.

रात्री, अंधार पडल्यावर दोन-तीन तासांनी, विजेरी घेऊन बसण्याच्या दांड्यांची खालची बाजू व फटी पाहाव्यात. पांढरे फडके दांड्याखालून घट्ट फिरविल्यास त्यावर रक्ताचे तांबडे डाग उमटतात. ही लाल माइटची खात्रीची खूण होय. केवळ दिवसा कोंबडी तपासून 'काही नाही' असा निष्कर्ष काढल्यास लाल माइट व गोचीड हे दोन्ही निसटतात.

पिसे शाबूत असतानाही काही लक्षणे सावध करणारी असतात. सायंकाळी कोंबड्या खुराड्यात शिरण्यास नाखूष असणे व झाडावर बसणे, तुरा फिकट पडणे, अंडी घटणे, अंड्यांच्या कवचावर तांबडे ठिपके दिसणे, खुडूक कोंबडीने अंडी सोडून उठणे ही त्यांपैकी मुख्य होत. प्रादुर्भाव तीव्र असल्यास पिले व उबवणीवर बसलेल्या कोंबड्या रक्तक्षयाने दगावतात. खुराड्याजवळ झोपणाऱ्या माणसांनाही माइट चावतात आणि त्वचेवर खाजरे पुरळ उठते.

नियंत्रण : आधी निवारा, मग पक्षी

नियंत्रणाचे सूत्र परजीवीच्या निवासस्थानावरून ठरते. लाल माइट व गोचीड यांच्या बाबतीत खुराडे हाच रुग्ण मानला पाहिजे. उवा व अंगावरील माइट यांच्या बाबतीत पक्ष्यावर उपचार प्रधान ठरतो. खवलेपाय रोगात प्रत्येक कोंबडीच्या पायांवर वेगळा उपचार करावा लागतो.

खुराडे रिकामे करून जुने तूस, पेंढा व घाण दूर नेऊन जाळावी. दांडे व टोपल्या काढून कडक उन्हात वाळवाव्यात. फटींत उकळते पाणी ओतावे. पक्क्या भिंतीच्या निवाऱ्यात ज्योतीचा उपयोग करता येतो, परंतु बांबू व गवताच्या खुराड्यात आगीचा धोका असल्याने तो टाळावा. फटी शेण-मातीने लिंपून त्यांवर चुन्याचा हात द्यावा. चुन्याने फटी बुजतात व परजीवींना लपण्यास जागा उरत नाही. दांडे भिंतीत पक्के रोवण्यापेक्षा काढता येतील असे ठेवल्यास पुढील स्वच्छता सोपी होते. ही क्रिया एकदाच करून भागत नाही. अंड्यांतून नवी पिढी बाहेर पडत असल्याने लाल माइटसाठी सात ते दहा दिवसांनी आणि उवांसाठी दहा ते चौदा दिवसांनी उपचाराची पुनरावृत्ती अनिवार्य आहे. बहुतेक अपयशांचे कारण हीच राहून गेलेली दुसरी फेरी असते.

पक्ष्यांसाठी धूलिस्नान हा स्वाभाविक बचाव आहे. कोरडी माती, वाळू व चाळलेली थंड राख यांचे मिश्रण पावसापासून सुरक्षित अशा उथळ खड्ड्यात ठेवावे. राख ओली झाल्यास तिचा क्षार त्वचेला भाजतो. म्हणून मिश्रण कोरडे राहील याची दक्षता घ्यावी. पावसाळ्यात अंगण ओले राहिल्याने कोंबड्यांना धूलिस्नान मिळत नाही आणि त्याच काळात प्रादुर्भाव बळावण्यास वाव मिळतो. कडुनिंबाचा पाला टोपलीत घालण्याची रीत अनेक राज्यांत आहे. असे उपाय प्रतिबंधास साहाय्यक आहेत. तीव्र प्रादुर्भावात त्यांवर विसंबून राहणे योग्य नव्हे.

खवलेपाय रोगात पाय कोमट साबणपाण्यात भिजवून खपल्या मऊ कराव्यात, ओढून काढू नयेत. त्यानंतर खाद्यतेल, व्हॅसलीन किंवा गंधकाचे मलम काही आठवडे नियमित लावावे. रॉकेल लावण्याची प्रथा त्वचेला इजा करणारी असल्याने सोडून द्यावी. नवीन कोंबडी कळपात सोडण्यापूर्वी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावी.

पोषणाकडेही तितकेच लक्ष हवे. पिसे पुन्हा येण्यासाठी प्रथिने लागतात. केवळ तांदळाची कणी वा मक्याचा भरडा यांतून ती पुरेशी मिळत नाहीत. पेंड, सुक्या मासळीची कुटी, अझोला व उकिरड्यातील किडे यांची जोड उपयुक्त ठरते.

रासायनिक औषधे व अंड्यांची सुरक्षितता

घरगुती उपाय अपुरे पडल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने कृत्रिम पायरेथ्रॉइड गटातील औषधे वापरली जातात. कळपातील सर्व पक्ष्यांवर एकाच दिवशी उपचार करणे, औषध डोळे, चोच, खाद्य व पाणी यांपासून दूर ठेवणे आणि लेबलावरील प्रमाण पाळणे या किमान अटी होत. औषधाचा अंश अंड्यांत उतरू शकतो. म्हणून पशुवैद्यक सांगेल तितका काळ अंडी खाऊ वा विकू नयेत. आयव्हरमेक्टिनसारख्या औषधांच्या बाबतीत ही दक्षता विशेष महत्त्वाची आहे. पिकांवरील कीटकनाशक उरले म्हणून कोंबड्यांवर वापरणे सर्वस्वी धोक्याचे आहे. भारतात कीटकनाशकांचे नियमन कीटकनाशक अधिनियम, १९६८ अन्वये, तर पशुवैद्यकीय औषधांचे नियमन औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० अन्वये होते; दोहोंचे प्रयोजन भिन्न आहे.

या प्रश्नाचे गांभीर्य २०१७ मध्ये युरोपात दिसून आले. नेदरलँड्स व बेल्जियममधील कुक्कुटगृहांत लाल माइटविरुद्ध फिप्रोनिल हे कीटकनाशक बेकायदेशीररीत्या वापरले गेल्याचे उघडकीस आले. अन्नोत्पादक प्राण्यांवर त्याच्या वापरास तेथे मनाई होती. अनेक देशांतील बाजारांतून लक्षावधी अंडी मागे घ्यावी लागली. डोळ्यांना जेमतेम दिसणारा परजीवी अन्नसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय प्रश्न कसा बनतो, याचे हे उदाहरण होय.

धोरणात्मक अंगे

संविधानाच्या अनुच्छेद ४८ मध्ये कृषी व पशुसंवर्धन आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने संघटित करण्याचे निदेशक तत्त्व आहे. पशुधनाचे संरक्षण व सुधारणा, प्राण्यांच्या रोगांना प्रतिबंध आणि पशुवैद्यकीय व्यवसाय हे विषय राज्यसूचीतील नोंद १५ मध्ये येतात. सांसर्गिक रोग वा उपद्रवी कीड एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू न देणे हा विषय समवर्ती सूचीतील नोंद २९ मध्ये समाविष्ट आहे. यास्तव प्रत्यक्ष सेवेची जबाबदारी राज्यांवर, तर अर्थसाहाय्य व समन्वयाची भूमिका केंद्राकडे येते.

ग्रामीण परसातील कुक्कुट विकास या घटकाखाली २००९-१० पासून दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना सुधारित जातींची सुमारे चार आठवड्यांची पिले टप्प्याटप्प्याने देण्यात आली. २०१४-१५ मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियान सुरू झाल्यावर हा घटक त्यात अंतर्भूत झाला. २०२१-२२ मधील पुनर्रचनेनंतर अभियानाचा भर उद्योजकतेवर आला. किमान १,००० मातृपक्ष्यांचे प्रक्षेत्र, उबवणी केंद्र व पिलू संगोपन केंद्र उभारण्यास ५० टक्के, कमाल २५ लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदानाची तरतूद झाली. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या वनराजा व ग्रामप्रिया, तसेच इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेची कारी निर्भीक या परसातील पालनासाठी विकसित जाती होत.

परंतु जात सुधारली तरी खुराडे जुनेच राहिल्यास लाभ निसटतो. एक उदाहरण घेऊ. समजा, एका कुटुंबाकडे सुधारित जातीच्या दहा कोंबड्या असून प्रत्येकी वर्षाला १०० अंडी मिळतात. परजीवींमुळे उत्पादन दहा टक्क्यांनी घटल्यास १०० अंडी कमी होतात. अंड्याचा दर दहा रुपये धरल्यास ही हानी १,००० रुपयांची ठरते. त्यापुढे चुना, राख व दोन दिवसांची मेहनत यांचा खर्च नगण्य आहे. पिलांच्या वाटपाबरोबर खुराड्याच्या रचनेचे व रात्रीच्या तपासणीचे शिक्षण दिले गेले, तरच वाटपाचे रूपांतर उत्पन्नात होते. योजनेचे यश वाटलेल्या पिलांच्या संख्येवर नव्हे, तर वर्षअखेर अंडी देत असलेल्या कोंबड्यांच्या संख्येवर मोजले जाणे अधिक अर्थपूर्ण ठरेल.

हे शिक्षण पोहोचविण्यासाठी यंत्रणा उपलब्ध आहे. १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे पहिले कृषी विज्ञान केंद्र सुरू झाले. आज अशी केंद्रे देशभर कार्यरत आहेत. फिरत्या पशुवैद्यकीय पथकांची सेवा १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर मागविता येते. स्वयंसहायता गटांतील पशुसखींना प्रशिक्षण देऊन पशुवैद्यकीय सेवा व पशुपालक यांमधील दुवा बनविण्याचा 'ए-हेल्प' हा कार्यक्रम २०२२ पासून राबविला जात आहे. परसातील कोंबड्यांची देखभाल बहुतांशी स्त्रियाच करतात. त्यामुळे सायंकाळी घरी येऊन विजेरीच्या उजेडात खुराडे तपासू शकणारी गावातीलच पशुसखी या कामी सर्वांत उपयुक्त ठरू शकते.

समारोप

परसातील कोंबडीची पिसे झडणे ही क्षुल्लक बाब वाटते. परंतु तिच्यामागे ऋतुचक्र, पोषण, कळपाची रचना, निवाऱ्याची स्थिती व परजीवींचे जीवनचक्र असे अनेक घटक असतात. आधी कारण ओळखणे, मग निवारा सुधारणे, योग्य अंतराने उपचाराची पुनरावृत्ती करणे आणि औषधांचा वापर मर्यादित ठेवणे हा क्रम पाळल्यास अल्प खर्चात मोठी हानी टळते. पशुधन विकासाच्या योजनांना कुटुंबाच्या उत्पन्नापर्यंत नेणारा मार्ग अशा लहान, नियमित कामांतूनच जातो.

सरावासाठी प्रश्न

१. परसातील कुक्कुट पक्ष्यांची संख्या व अंडी उत्पादनातील त्यांचा वाटा यांतील तफावतीची कारणे सांगून ती कमी करण्याचे उपाय सुचवा.
२. लाल माइट व उवा यांच्या निवासस्थानातील फरकाचा नियंत्रणपद्धतीवर कसा परिणाम होतो, ते स्पष्ट करा.
३. पशुसंवर्धनासंबंधीच्या संविधानिक तरतुदी सांगा आणि ग्रामीण स्त्रियांच्या उपजीविकेच्या संदर्भात पशुसखींच्या भूमिकेचे मूल्यमापन करा.